शंभर बॉक्स उचलण्याआधी एक बॉक्स घरच्या टीव्हीला लावा



"सर, बॉक्स चौदाशेला पडतोय. बावीसशेला डोळे झाकून जाईल. शंभर उचलले तर ऐंशी हजार सुटतात. घेऊ का?"

बार्शीकडच्या एका गावातून हा फोन आला होता. मुलाचं मोबाईल रिचार्ज आणि ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे, आपल्या कार्यशाळेला येऊन गेलेला. दिवाळीला दीड महिना बाकी. गावात फायबर नुकतंच पोहोचलेलं, टीव्ही घरोघरी, पण बरेचसे साधे. अशा टीव्हीला मागून एक छोटी डबी जोडली की यूट्यूब, सिरियल, सिनेमा सगळं चालू होतं. म्हणजे मागणी त्याने बरोबर हेरली होती. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याला दहा हजार टोकनही देऊन झालं होतं. आता त्याला माझ्याकडून फक्त "घ्या बिनधास्त" ऐकायचं होतं. असे फोन मला आवाजावरून ओळखू येतात.

मी एकच विचारलं, "तुमच्या घरी कुठला लावलाय?"

"घरी स्मार्ट टीव्ही आहे ना सर."

"मग त्यातला एकच पीस मागवा. आधीचा जुना टीव्ही असेल ना माळ्यावर? त्याला लावा आणि पंधरा दिवस रिमोट आईच्या हातात द्या. मग बोलू."

त्या पंधरा दिवसांत जे निघालं ते व्हिडिओत वेळेअभावी पूर्ण सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. तुम्हाला स्वतःच्या घरासाठी बॉक्स घ्यायचा असला तरी हेच बघायचंय, आणि विकायचा विचार असेल तर जरा जास्तच बारकाईने.

डबी सारखी दिसते, आतला माल वेगळा

पहिल्या दिवशी सगळे खूश. यूट्यूब चाललं, गाणी चालली. दुसऱ्या दिवशी बहिणीने तिचं नेटफ्लिक्स लावलं आणि चित्र धुरकट. बॉक्सच्या खोक्यावर तर मोठ्या अक्षरांत "४के" छापलेलं! त्याला वाटलं नेट स्लो आहे. नेट ठीक होतं.

गंमत अशी आहे की टीव्हीच्या बॉक्समध्ये "अँड्रॉइड" दोन प्रकारचं असतं. एक गुगलने टीव्हीसाठी बनवलेलं, ज्याला अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही म्हणतात. हे वापरायला कंपनीला गुगलची मान्यता घ्यावी लागते. दुसरं म्हणजे कुणालाही फुकट मिळणारं मोकळं अँड्रॉइड. ते घ्यायचं, डबीत भरायचं, वर टीव्हीसारखा दिसणारा पडदा चढवायचा आणि "स्मार्ट अँड्रॉइड बॉक्स" म्हणून विकायचं. ग्राहकाला दोन्ही एकच वाटतात.

फरक ओटीटी ॲपला मात्र लगेच कळतो. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ यांसारखी ॲप्स सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लावून पाठवतात. त्या कुलपाचं नाव वाइडवाइन. बॉक्सच्या चिपमध्ये एल१ दर्जाची मान्यता असेल तर एचडी आणि ४के चित्र मिळतं. एल३ असेल तर चित्र साधारण ४८० ओळींवर अडकतं, म्हणजे जुन्या डीव्हीडीसारखं. खोक्यावर ४के लिहा नाहीतर ८के लिहा, ॲप त्याला जुमानत नाही. आणि नेटफ्लिक्स तर स्वतः मान्यता दिलेल्या यंत्रांपुरतंच एचडी देतं.

तपासायचं कसं? बॉक्सवर प्ले स्टोअर उघडा, सेटिंग्जमध्ये जा, "अबाउट"मध्ये प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन बघा. "डिव्हाइस इज नॉट सर्टिफाइड" असं आलं की समजायचं. त्याच्या बॉक्सवर नेमकं हेच आलं.

हे झालं चित्राचं. माझ्या मते याहून गंभीर गोष्ट पुढे आहे.

जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातल्या डॅनियल मिलिसिक नावाच्या तंत्रज्ञाने टी९५ नावाचा स्वस्त बॉक्स विकत घेतला आणि त्यात कारखान्यातूनच व्हायरस भरून आलाय हे उघड केलं. त्याने तो ॲमेझॉनवरून घेतला होता, म्हणजे मोठ्या दुकानातून घेतला म्हणून माल चांगला, असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने अशा सुमारे १३ लाख बॉक्समध्ये "व्हॉइड" नावाचा व्हायरस असल्याचं सांगितलं, १९७ देशांत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने "बॅडबॉक्स २.०" बद्दल जाहीर इशारा दिला. पुढच्याच महिन्यात गुगल कोर्टात गेलं, त्यात आकडा होता एक कोटीहून जास्त यंत्रांचा. ही सगळी मान्यता नसलेली, मोकळ्या अँड्रॉइडवरची यंत्रं.

हा व्हायरस करतो काय? टीव्ही बंद पडत नाही, म्हणूनच कुणाला कळत नाही. तुमचं इंटरनेट कनेक्शन परस्पर भाड्याने दिलं जातं. कुठलातरी अनोळखी माणूस तुमच्या घरच्या कनेक्शनवरून खोटी खाती उघडतो, फसवणुकीचे उद्योग करतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता दिसतो तुमच्या घराचा. आता हे स्वतःच्या घरी झालं तर एक वेळ आपण बॉक्स काढून टाकू. पण तुम्ही गावातल्या शंभर घरांत तो बसवला असेल तर? चावडीवर नाव कुणाचं निघणार? ज्याने बनवला त्याचं तर नावच कुणाला माहीत नाही.

आणि हे "नाव माहीत नसणं" कायद्यातही महागात पडतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनामुळे हानी झाली तर जबाबदारी कुणाची याची तरतूद आहे. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर ती विक्रेत्यावर येऊ शकते. म्हणून खोकं हातात घेतलं की आधी मागची बाजू वाचा. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, कुठल्या देशात बनलं, तक्रारीचा नंबर हे छापलेलं असायलाच हवं, वजनमापाचा नियम आहे तो. सेट टॉप बॉक्स आणि त्याचा ॲडॉप्टर बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीत येतात, त्यावर "आर" ने सुरू होणारा नंबर असतो. "बीआयएस केअर" ॲपमध्ये तो टाकला की खरा आहे का ते दोन मिनिटांत कळतं. माझ्या या मित्राच्या खोक्यावर यातलं फक्त "मेड इन चायना" होतं.

अजून एक. त्या बॉक्समध्ये "सगळे चॅनेल फुकट" म्हणून एक ॲप आधीच टाकून आलं होतं. व्यापाऱ्याने तर तोच विक्रीचा मुद्दा म्हणून सांगितला होता! मित्रांनो, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि त्यात जाणूनबुजून मदत करणाराही येतो. ग्राहक स्वतःहून मागेल, "अमक्याकडे फुकट मिळतं" म्हणेल. जाऊ द्या त्याला अमक्याकडे.

बॉक्स नंतर, आधी घर बघा

आता घरासाठी निवडायचा कसा? यूट्यूबवर तुलना करणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, कुठली चिप, किती गिगाहर्ट्झ. मी सांगतो, निम्मा निर्णय टीव्हीच्या मागे टॉर्च मारून होतो.

एचडीएमआय पोर्ट किती आहेत? एकच असेल आणि त्यात डीटीएचचा बॉक्स लावलेला असेल तर काहीशे रुपयांचा एचडीएमआय स्विच लागेल. पोर्टच नसेल, जुना डब्बा टीव्ही असेल, तर एचडीएमआयवरून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांवर आणणारा कन्व्हर्टर मिळतो. पण माझा सल्ला, नका करू. अक्षरं वाचता येत नाहीत, काही ॲप्स कॉपी-संरक्षणामुळे चित्रच दाखवत नाहीत, आणि ग्राहक तुम्हाला महिनाभर फोन करत राहतो.

टीव्ही कितीचा आहे? बत्तीस इंची "एचडी रेडी" टीव्हीचं चित्र बहुतेक वेळा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचं असतं. त्याला ४के स्टिक लावून चित्र ४के होत नाही. इथे साधी फुल एचडी स्टिक भागवते. तरी थोडे जास्त पैसे द्यायचेच असतील तर रॅमसाठी द्या. १ जीबी रॅमची स्टिक वर्षा-दोन वर्षांत ॲप्स जड झाली की अडखळायला लागते, २ जीबीची निवांत चालते. आणि खोक्यावर ४के आहे म्हणजे रॅम जास्त असणारच, असं धरून चालू नका. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्टमध्ये १ जीबीच रॅम आहे. शिवाय ती अँड्रॉइडवर नाही, ॲमेझॉनच्या नव्या वेगा प्रणालीवर चालते, बाहेरून ॲप टाकता येत नाही. ज्याला फक्त नेहमीची ॲप्स बघायचीत त्याला याने काही फरक पडत नाही. ज्याला स्वतःचं काही टाकायचंय त्याने दुसरी बघावी.

करंट कुठून घेणार? ही चूक तर मी स्वतः केलीय. आईच्या टीव्हीला स्टिक लावली आणि वायर लटकू नये म्हणून टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून करंट दिला. दर दोन दिवसांनी आईचा फोन, "अरे, ते मधेच काळं होतंय आणि परत पहिल्यापासून सुरू होतंय." मी नेटवाल्याला बोललो, राउटर बदलला. शेवटी कळलं की टीव्हीचा जुना यूएसबी पोर्ट अर्धाच अँपिअर देतो आणि स्टिकला लागतो एक. सोबत आलेला ॲडॉप्टर लावला, विषय संपला. नेटवाल्याची माफी मागितली ते वेगळंच.

टीव्हीच्या मागे वायफाय पोहोचतं का? भिंत जाड असेल तर २.४ गिगाहर्ट्झचं सिग्नल लांब जातं, ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं पण भिंतीला अडखळतं. स्टिक दोन्ही पकडणारी हवी. खोक्यात एचडीएमआयची एक बोटभर एक्स्टेंशन वायर येते, लोक ती कचऱ्यात टाकतात. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेला आणली तरी सिग्नल सुधारतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नेट कुठलं? नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस वेग लागतो आणि ४के ला १५. फायबर असेल तर काळजी नाही. पण ज्या घरात फायबर नाही, मोबाईलचा हॉटस्पॉट आहे, तिथे वेगापेक्षा डेटा संपतो. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, ४के ला ७ जीबीपर्यंत. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर एक सिनेमासुद्धा पूर्ण होत नाही. अशा घरात स्टिक विकली तर आठ दिवसांत ती परत येणार.

अशा माणसाला स्पष्ट सांगायचं, "काका, तुम्ही नका घेऊ. टीव्हीला यूएसबी पोर्ट आहे, पेनड्राइव्हवर तुमच्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ, मुलांचे फोटो टाकून बघा. फायबर आलं की मला फोन करा." त्याला स्वतःचा व्हिडिओ साठा जास्त असेल, हार्ड डिस्क असेल, तर स्टिकऐवजी यूएसबी पोर्ट असलेला, मान्यताप्राप्त बॉक्स बघायचा. बहुतेक स्टिकना पेनड्राइव्ह थेट लावता येत नाही, हे ग्राहकाला घरी गेल्यावर कळतं आणि मग राग आपल्यावर निघतो.

आणि रिमोट कुणाच्या हातात असणार? आई-आजी असतील तर टाइप करणं होत नाही, आवाजाने शोधायचं बटण हवंच. टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायचं बटणही त्याच रिमोटवर हवं, नाहीतर दोन रिमोटांचा गोंधळ होतो. घरात काय बघतात ते आधी विचारा. कुणाला सिरियल, कुणाला क्रिकेट, कुणाला सह्याद्री वाहिनी. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. त्या घराची चार ॲप्स कागदावर लिहा आणि ती त्या यंत्रावर येतात का ते विकत घेण्याआधी बघा.

मग कुठला?

सरळ सांगतो. घरात फायबर आहे आणि फायबरवाल्याने किंवा डीटीएचवाल्याने स्वतःचा बॉक्स दिलाय, तर आधी तोच नीट वापरून बघा, वेगळा खर्च कशाला? फक्त कनेक्शन सोडलं की बहुतेक वेळा तो बॉक्स परत द्यावा लागतो हे लक्षात ठेवा. तसा बॉक्स नसेल तर ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक किंवा नावाजलेल्या कंपनीचा गुगल टीव्ही असलेला बॉक्स. सणाच्या सेलमध्ये भाव बराच उतरतो, म्हणून मी इथे किंमत लिहीत नाही. ॲपल टीव्ही उत्तम यंत्र आहे, पण २०२२ मध्ये तो भारतात १४,९०० रुपयांपासून आला. घरात सगळे आयफोनवाले असतील त्यांनी बघावा, बाकीच्यांनी तेवढ्या पैशात नवीन टीव्हीचा विचार करावा.

कंपनीचं यंत्र बिघडतच नाही असं मी म्हणत नाही. गुगलचं दुसऱ्या पिढीचं क्रोमकास्ट २०१५ मध्ये आलं होतं. मार्च २०२५ मध्ये जगभरात ते अचानक चालेनासं झालं, कारण आतलं एक डिजिटल प्रमाणपत्र दहा वर्षांनी कालबाह्य झालं होतं. लोक चिडले. पण काही दिवसांत गुगलने अपडेट पाठवलं आणि दहा वर्षं जुनी डबी परत चालू झाली. बिनानावाच्या बॉक्सचं असं झालं तर अपडेट कोण पाठवणार?

आता ऐंशी हजारांचं

पंधरा दिवसांनी आम्ही परत बोललो. मी म्हटलं, तुमचाच हिशोब पुन्हा मांडू. एका बॉक्सला आठशे सुटतात. शंभरातले वीस जरी परत आले, तर वीस गुणिले बावीसशे म्हणजे चव्वेचाळीस हजार ग्राहकांना परत द्यायचे, आणि व्यापारी माल परत घेत नाही. उरले छत्तीस हजार. प्रत्येक घरी किमान दोन चकरा, पेट्रोल, दुकान बंद ठेवून गेलेला वेळ. यात पोलिसांची, कोर्टाची बाजू धरलेलीच नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, टोकनचं काय करू?"

टोकन रोख परत मिळालं नाही. दोनदा मुंबईला जाऊन, वाद घालून त्याने त्या दहा हजारांचे चार्जर आणि केबल उचलले. ते तरी दुकानात खपतात. गाडीभाडं अंगावर पडलं.

बॉक्स विकायचे त्याने सोडले, घर बघायचं काम धरलं. ग्राहकाकडे जातो, पोर्ट, वायफाय, डेटा तपासतो, कुठली स्टिक घ्यायची ते लिहून देतो. ग्राहक ती स्वतःच्या नावाने मागवतो, बिल आणि वॉरंटी त्याची. आली की हा बसवून देतो, आईला-आजीला रिमोट शिकवतो. याचे तीनशे रुपये. दिवाळीपर्यंत अशी चाळीसेक घरं झाली, म्हणजे बारा हजार. वर एचडीएमआय स्विच, वायर, भिंतीचा स्टँड यांची विक्री. ऐंशी हजार कुठे आणि हे कुठे, असं त्यालाही वाटलं आणि त्याने ते मला बोलूनही दाखवलं. पण यात त्याचे एक लाख चाळीस हजार अडकले नाहीत.

एका ठिकाणी तो अजून चुकतो. ग्राहकाचं खातं उघडून देताना पासवर्ड स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवतो, "परत विचारायला येतात सर" म्हणून. हे अजिबात करू नका. खातं ग्राहकाच्या नंबरवर उघडा, पासवर्ड त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या. उद्या त्या खात्यातून पैसे गेले तर पहिला संशय तुमच्यावर येईल.

तुमच्यापैकी कुणी सलून, हॉटेल, क्लाससाठी अशी स्टिक घेणार असेल तर तो वेगळा विषय आहे. नेटफ्लिक्सचं खातं घरगुती वापरासाठी असतं, धंद्याच्या जागी लावायला परवानगी नाही, आणि गाण्यांसाठी वेगळा परवाना लागतो. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतोय.

तोवर एक काम करा. आज रात्री जेवण झालं की घरच्या टीव्हीच्या मागे टॉर्च मारा, पोर्ट मोजा, फोटो काढा आणि व्हिडिओखाली लिहा, टीव्ही किती इंची, पोर्ट किती, नेट कुठलं. पुढच्या रविवारी त्यातली दहा घरं घेऊन लाईव्हमध्ये एकेकाचा बॉक्स ठरवू.